आजीची तपकीर आणि सरांच्या शिंका

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता, 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुले'. कार्यक्रमपत्रिकेत तोच छापलाय. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हटल्यावर दुसरं काय देणार! पण मी आज तपकिरीवर बोलणार आहे. संयोजकांनी माफ करावं. पहिल्या रांगेत दुसऱ्या खुर्चीवर आमचे गणिताचे सर बसलेत. मागच्या महिन्यात ग्रुपवर त्यांचा नंबर मिळाला आणि मी फोन केला. चोवीस वर्षांनी. सरांनी आवाज ओळखला, नवरा-मुलं विचारली, आणि मग तिसरा प्रश्न होता, "तुझ्या आजीच्या तपकिरीचं प्रमाण कुठे लिहून ठेवलंयस का गं?"

मी म्हटलं, सर, मेळाव्यात सांगते. म्हणून हे भाषण.

आधी शिंकांबद्दल, कारण त्या तुम्हा सगळ्यांच्या आठवणीत आहेत. आठवी ब. दुपारचा पहिला तास. तीन वाजता एमआयडीसीत दुसऱ्या पाळीचा भोंगा व्हायचा, त्याच्या आधीचा. सर फळ्यावर आकृती काढायचे, 'पक्ष' लिहायचे, 'साध्य' लिहायचे, आणि 'सिद्धता' लिहिण्यापूर्वी खडू खाली ठेवून कोटाच्या खिशातून डबी काढायचे. झाकणावर दोनदा बोट वाजवायचे. चिमूट उजव्या नाकपुडीत, उरलेली डाव्या. मग पाच सेकंद वर्ग श्वास रोखून. आणि मग सुरू! मागच्या बाकावरची मुलं वहीच्या शेवटच्या पानावर आकडा लावायची. कुणी सहा, कुणी आठ. एकदा अकरा झाल्या होत्या, पायथागोरसच्या दिवशी, आणि जिंकणाऱ्याला मधल्या सुट्टीत दोन वडापाव मिळाले होते. तो जिंकणारा आज इथे आहे, जेवणाचं कंत्राट त्यानंच घेतलंय.

नववीत या शिंका बंद झाल्या. तुमच्यापैकी काहींनी तेव्हा तर्क लढवले होते की सरांनी तपकीर सोडली, घरून दम मिळाला वगैरे. सरांनी काही सोडलं नव्हतं. त्या शिंका मी बंद केल्या. आज पहिल्यांदा सांगतेय.

आमच्या घरी आजी तपकीर करायची. बाबांना अंबडला कारखान्यात नोकरी लागली आणि सिडकोत दोन खोल्या मिळाल्या तेव्हा ती निफाडकडच्या गावाहून आमच्याकडे आली, येताना एक ट्रंक, एक दगडी खलबत्ता आणि एक पितळी डबी घेऊन. विकतची तपकीर तिला चालत नसे. "ती नुसती धूळ आहे," म्हणायची, "नाकात शिरते आणि भांडत बसते." वर्षातून तीन-चार वेळा ती मला घेऊन शहर बसने शालिमारला उतरायची आणि तिथून चालत जुन्या नाशकात एका दुकानात जायची. दुकानदार पान दाखवताना 'निपाणीचा माल' म्हणायचा. आजी पान नाकाशी धरायची, मग कानाशी धरून मुडपायची. आवाज ऐकून ठरवायची. मी तेव्हा निपाणी म्हणजे एखाद्या माणसाचं नाव समजत होते. तंबाखूच्या भावासाठी तिथले शेतकरी शरद जोशींच्या मागे हमरस्त्यावर बसले होते, आणि त्या आंदोलनात गोळीबार होऊन माणसं मेली होती, हे मी खूप नंतर वाचलं. ते वर्ष १९८१. माझा जन्मही त्याच सालचा.

तर, आता कृती. सर, लक्ष द्या, पण वही काढू नका.

पहिलं काम शिरा काढण्याचं. पानाची मधली जाड शीर आणि तिच्या फांद्या आजी नखाने सोलून काढायची, कारण शीर भाजत नाही, कुटत नाही, आणि कुटली तरी काड्यांसारखी टोचते. मग मंद आचेवर तव्यात पान भाजायचं. हा प्रकार घरात कधीच करायचा नाही. मागच्या अंगणात स्टोव्ह, वाऱ्याची दिशा बघून, आणि तरीही शेजारच्या काकू दार लावून घ्यायच्या. आख्ख्या आळीला ठसका. आजी मात्र पदर नाकाला न लावता बसायची. पान काळं होऊ द्यायचं नाही. काळं झालं तर ती मशेरी. तपकिरीला पान फक्त इतकं भाजायचं की हातात धरल्यावर त्याचा चुरा व्हावा आणि रंग... रंग काय सांगू, तपकिरीच.

थोडं विषयांतर करते. माझ्या मुलाला मी एकदा म्हटलं, तो तपकिरी खडू दे. तो म्हणाला, कुठला? मी म्हटलं, ब्राऊन. मग त्यानं विचारलं की तपकिरी का म्हणतात, आणि मला सांगावं लागलं की ही नाकात घालायची तंबाखू असते. त्याला पटेना. ज्या गोष्टीचा रंग एवढा सगळ्यांना माहीत, ती गोष्टच त्यानं पाहिलेली नाही. गुजरातीत तर आणखी गंमत आहे, तिथे तपकिरीला 'छींकणी' म्हणतात आणि त्या रंगालाही छींकणी रंगच म्हणतात. म्हणजे गुजराती मुलं शिंकेच्या रंगाने झाडाचं खोड रंगवतात.

भाजलं की खलबत्ता. हे तासभराचं काम, आणि आजीच्या हातचं. मग वस्त्रगाळ, आणि ते माझ्या हातचं. आजोबांच्या जुन्या धोतराचा तुकडा वाटीवर ताणून बांधायचा, वर भुकटी घालायची, आणि बोटाने न दाबता नुसतं हलकं आपटत राहायचं. दाबलं तर भरड खाली उतरते. मी दहा वर्षांची होते तेव्हा हे काम मला मिळालं, कारण माझे हात लहान आणि मला घाई नव्हती. खाली पडायची ती तपकीर. वर उरायची ती भरड परत तव्यावर जायची, काळी होईपर्यंत, आणि तिची मशेरी व्हायची. आजी काही टाकून देत नसे. तपकीर नाकाला, मशेरी दातांना.

ही वस्त्रगाळ भुकटी म्हणजे साधारण दुकानातली तपकीर. सर तीच ओढायचे. तिची अडचण अशी की ती जितकी बारीक तितकी उडते. जरा जोरात श्वास घेतला की नाकात थांबतच नाही, थेट घशात. घशात गेली की ठसका, नाकात लागली की शिंका. कोरडी असल्यामुळे नाकातला ओलावा शोषून घेते आणि आतून हुळहुळतं.

आजीचं कसब इथून पुढे. एक, चुन्याची निवळी. रात्री चुना पाण्यात कालवून ठेवायचा आणि सकाळी वरचं नितळ पाणी घ्यायचं. त्याचा नुसता हबका. भुकटीला ओल यावी पण गोळा होऊ नये. दोन, सावलीत वाळवणं. तीन, साजूक तूप. तळहाताला तूप लावून भुकटी दोन्ही हातांत रगडत राहायची. दुपारी आमच्या खिडकीतून एक कवडसा फरशीवर यायचा. आजी चिमूटभर तपकीर त्या कवडशात धरून बोटं चोळायची. उजेडात धूर दिसला तर तूप कमी. काहीच उडालं नाही आणि बोटाला चिकटून राहिली तर तूप जास्त, वाया गेली. मऊ वाळूसारखी सरळ खाली पडली की झालं. शेवटी डबीत एक लवंग, आणि चार दिवस झाकण उघडायचं नाही. "तिला निवू दे गं," ती म्हणायची. "आत्ताच आगीतून आली बिचारी."

आणि एक सूचना असायची: ओढायची नाही, हुंगायची. मराठीत आपण तपकीर 'ओढतो'. हिंदीत तिला 'सुंघनी' म्हणतात, म्हणजे हुंगायची वस्तू. (बनारसला जयशंकर प्रसादांचं घराणं याच धंद्यातलं, त्यांना 'सुंघनी साहु' म्हणत. एवढा मोठा कवी तपकिरीच्या पेढीवर वाढला.) आजीला हिंदी येत नव्हतं, पण तिचं म्हणणं हिंदीच्या बाजूचं होतं. फूल हुंगतो तसा हलका श्वास, म्हणजे ती नाकाच्या पुढच्या भागातच बसते.

मग आठवीच्या परीक्षेनंतर मी आजीला सरांच्या शिंकांबद्दल सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "मास्तरांना कुणी चांगली करून देत नाही वाटतं." आणि नववीच्या गुरुपौर्णिमेला इतर मुली फुलं घेऊन आल्या तेव्हा मी एक छोटी डबी घेऊन स्टाफरूममध्ये गेले. आज हे सांगताना अंगावर काटा येतो. २००३ च्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही, अठरा वर्षांखालच्या मुलाला विकता येत नाही, आणि त्या कायद्याच्या यादीत तपकिरीचं नाव स्पष्ट आहे. मी चौदा वर्षांची, दोन वेण्या, आणि दप्तरात तंबाखू. तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. बाईंनी तर कौतुक केलं. आणि आपल्याच स्टाफरूमला कशाला नावं ठेवा, लंडनला हाउस ऑफ कॉमन्सच्या दाराशी सभासदांसाठी फुकट तपकिरीची डबी ठेवायची पद्धत आहे, कारण सभागृहात धूम्रपान १६९३ सालीच बंद केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांनी खडू ठेवला, डबी काढली, दोनदा बोट वाजवलं. वर्ग थांबला. पाच सेकंद. दहा सेकंद. सरांनी डोळे मिटले, उघडले, आणि 'सिद्धता' लिहिलं.

मागच्या बाकावर शोककळा पसरली होती. मला मात्र इतका अभिमान वाटला की काय सांगू.

आजीच्या हिशेबाने ती डबी महिनाभर पुरायला हवी होती. नवव्या दिवशी सरांनी ती रिकामी करून माझ्या हातात दिली. काही बोलले नाहीत, नुसती दिली. मी भरून आणली. मी गणितात बरी होते, मला तो आकडा तेव्हाच दिसला होता. पूर्वी सर दिवसात तीन-चार वेळा डबी काढायचे, कारण त्यापेक्षा जास्त नाकाला झेपत नव्हतं. आता तासात दोनदा. शिंक हा पहारेकरी होता. तो मी तूप देऊन झोपवला होता.

त्यामागची गोष्ट मला पुढे समजली. विज्ञानाच्या बाईंनी आपल्याला लिटमस शिकवला, आम्ल आणि अल्क, तेवढ्यावर कळेल अशी आहे. तंबाखूत निकोटीन असतं. आम्लात त्याच्या रेणूवर विद्युतभार असतो आणि तो शरीराच्या आतल्या नाजूक अस्तरातून सहज पलीकडे जात नाही. चुन्याने माध्यम अल्कधर्मी झालं की तो भार सुटतो आणि निकोटीन झरझर रक्तात उतरतं. म्हणजे निवळीचा हबका चवीसाठी नव्हताच. तूप झोंबणं कमी करत होतं आणि चुना पोहोच वाढवत होता. ज्याने वापर सोपा होतो त्यानेच मात्रा वाढते. आजीला रसायन माहीत नव्हतं, परिणाम माहीत होता. ज्याच्या नावावरून निकोटीन हे नाव पडलं तो झाँ निको पोर्तुगालमध्ये फ्रान्सचा वकील होता. त्यानं १५६० च्या सुमारास फ्रान्सच्या दरबारात तंबाखूची पूड पाठवली ती डोकेदुखीवरचं औषध म्हणून. आमची आजीही "डोकं धरलंय" म्हणूनच पहिली चिमूट घ्यायची. मधल्या चारशे वर्षांत कारण बदललं नव्हतं.

माझ्या नोकरीत मी वीस वर्षं हेच करतेय, हे सांगायला हवं. लोकांना एखादी गोष्ट वापरताना कुठे अडखळायला होतं ते शोधायचं आणि तो अडथळा काढायचा. एक बटण कमी, एक प्रश्न कमी. वापर वाढला की आमच्याकडे केक कापतात. मी केक खाताना बऱ्याचदा ती नऊ दिवसांची डबी आठवते. तशी ती आठवली म्हणून मी काम सोडलेलं नाही, हेही खरं.

दहावीनंतरही डबी चालू राहिली. माझा भाऊ शाळेत होता, तो नेआण करायचा. आणि याच काळात सर एका रविवारी आमच्या घरी आले होते. तुमच्यापैकी कुणाला हे माहीत नाही. बाबा मला बारावीनंतर डी.एड.ला घालणार होते. सर चटईवर बसून दोन तास बोलले. फी, शिष्यवृत्ती, वसतिगृह, सगळं कागदावर मांडून. शेवटी बाबा म्हणाले, "मास्तर, तुम्ही म्हणताय तर शिकू दे." मी इंजिनिअर झाले ते त्या दोन तासांमुळे. निघताना आजीने सरांच्या हातात भरलेली डबी ठेवली. कृतज्ञता म्हणून आमच्याकडे द्यायला तेवढंच होतं.

१९९९ च्या पावसाळ्यात आजीला तिखट झोंबायला लागलं. गालाच्या आत, जिथे ती मशेरी धरून ठेवायची तिथे, पांढरट चट्टा होता. आम्हाला तोंड आलंय असं वाटलं. आईने त्यावर तूप लावलं. दोन महिने तूप लावलं. मग गाठ हाताला लागली, मग तपासणी, मग ऑपरेशन, मग ती नीट बोलू शकत नव्हती. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर गेली. नाकाने घेतलेल्या तपकिरीने काय केलं आणि मशेरीने काय, हे वेगळं काढता येत नाही. धूर नसलेली तंबाखू तोंडाचा कर्करोग करते, याबद्दल आज जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेला काही शंका नाही. पान एकच होतं. मी गाळलेलं. खाली पडलेलं सरांकडे गेलं, वर उरलेलं आजीकडे.

आईने खलबत्ता राखेने घासला, उन्हात ठेवला, परत घासला. तरी त्यात वेलची कुटली की वर्षभर चहाला तो वास यायचा.

त्यानंतर भावाबरोबर रिकामी डबी आली ती मी परत पाठवली नाही. चिठ्ठीही नाही. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होते. सरांना जाऊन सांगायला हवं होतं की आजीला असं झालंय, तुम्ही बंद करा. मी गेले नाही. आधी वाटलं, एवढ्या मोठ्या माणसाला मी काय सांगणार. मग वाटलं, सांगितलं तर ते विचारतील की मग मला का देत होतीस. मग इतकी वर्षं झाली की फक्त लाज उरली. नाशिकला आले की मी त्रिमूर्ती चौकातून वळून जायचे, शाळेचा रस्ता टाळून. कोण जाणे सर भेटतील, किंवा सर गेल्याचं कळेल.

फोनवर हे सगळं मी सरांना सांगितलं. सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तू डबी परत पाठवली नाहीस तेव्हा मला वाटलं, पोरगी मोठी झाली, विसरली." एवढंच. मग म्हणाले की दुकानातली पुन्हा सुरू केली, पण ती शिंकांनी हैराण करते, त्यामुळे दिवसाला दोनच चिमटी होतात. आणि मग परत, "प्रमाण मात्र सांग."

सर, तुमच्या शिंका परत आल्या हे ऐकून मला फार बरं वाटलं. निवळी किती, तूप किती, हे मला तोंडपाठ आहे. आजही झोपेतून उठवलं तर सांगेन. ते मी सांगणार नाही. तुम्ही मला आयुष्यात एकदाही उत्तर न सांगता गणित सोडवायला लावलंत, तसंच समजा.

तुमची डबी मात्र घेऊन आलेय. चोवीस वर्षं माझ्याकडे राहिली, परवा चिंचेने घासली. आत ओवा आहे, भाजून, चुरडून, धोतराच्या तुकड्यात पुरचुंडी बांधून. सर्दी झाली की आजी आम्हाला हीच हुंगायला द्यायची.

मागच्या बाकावरच्यांनी हवं तर आकडा लावावा.